टू-स्ट्रोक चेतकचा कार्बन: आधी सायलेन्सर, मग हेड

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९९४ सालची बजाज चेतक, दीडशे सीसी, टू-स्ट्रोक. पूर्वी डबलसीट सत्तरला आरामात जायची. आता पंचेचाळीसच्या पुढे नुसती घुमते, पळत नाही. चढावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. दहा-बारा किलोमीटर झाले की इंजिन तापून मरगळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं. प्लग दोनदा बदलून झाला. जवळच्या गॅरेजवाल्याने ‘बोअर करून नवीन पिस्टन टाकावा लागेल’ असं सांगितलंय, तर दुसऱ्या कुणी कार्ब्युरेटरमधून थोडं थोडं पाणी सोडून कार्बन काढायला सांगितलंय. काय करावं?

बोअरचं काम, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, आत्ता देऊ नका आणि पाणी तर अजिबात सोडू नका. चौतीस वर्षं मी स्कूटर आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींचं काम करतोय. तुम्ही लिहिलेली लक्षणं ऐकली की माझा हात आधी सायलेन्सरकडे जातो. कार्बनने इंजिनाचा श्वास कोंडलाय, असंच हे वाटतंय. बोअर खरंच गेला असेल तर तेही पुढे दिसेलच. पण ते कार्बन काढल्यावर ठरवायचं असतं. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातले ते बिडाचे सिलिंडर आता कुठून आणणार? एकदा कापलेला बोअर परत भरून येत नाही.

आधी हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं काम डोळे उघडे ठेवून करता येईल. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना आपण पोर्ट म्हणतो, आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तेच बेअरिंगला, पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळतं. पेट्रोल चटकन जळतं, ऑइल तसं जळत नाही. त्याचा अर्धवट जळलेला भाग धुराबरोबर बाहेर निघतो आणि वाटेत जिथे पृष्ठभाग थोडा थंड मिळेल तिथे चिकटतो. म्हणून पहिला थर एक्झॉस्ट पोर्टच्या बाहेरच्या बाजूला, मग सायलेन्सरच्या पहिल्या वळणात, मग डब्याच्या आतल्या पत्र्यांवर धरतो. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातही धरतो, पण तिथल्या आगीत त्यातला बराचसा जळूनही जातो. गाडी कमी ताकदीची वाटते ती बहुतेक वेळा बाहेर जायची वाट अरुंद झाल्यामुळे. जळलेला वायू पूर्ण बाहेर पडला नाही तर नवीन मिश्रणाला आत जागा मिळत नाही. आत येतं ते जुन्या धुरात मिसळून पातळ होतं, प्लगने पेटवलं तरी नीट पेटत नाही, आणि गाडी एक फेरा सोडून एक मारते. आपण ॲक्सिलरेटर आणखी पिळतो, पेट्रोल आणखी जातं, इंजिन आणखी तापतं. तुमची गाडी दहा किलोमीटरनंतर मरगळते ती यामुळेच.

काहीही खोलण्याआधी दोन गोष्टी घरीच बघा. इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडामागे, चटका बसणार नाही इतक्या अंतरावर तळहात धरा. मोकळ्या सायलेन्सरचे फटकारे हाताला वेगवेगळे जाणवतात. कोंडलेल्याची एकसलग मऊ फुंकर येते, आणि आवाजही तोंड दाबून बोलल्यासारखा दबका असतो. मग इंजिन थंड असताना सायलेन्सरचा क्लॅम्प आणि मागचा बोल्ट ढिला करून सायलेन्सर सिलिंडरच्या नळीवरून खाली ओढा. चेतकमध्ये मागचं चाक काढलं तर हात सोपा जातो. आता पाच-दहा सेकंदांसाठी इंजिन चालू करून हलकेच ॲक्सिलरेटर द्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आवाज मोठा होतो. इंजिन एकदम हलकं होऊन उसळलं, तर दोष सापडला. अशी गाडी रस्त्यावर मात्र पळवू नका. सायलेन्सर नसताना मिश्रणाचा हिशोब बदलतो आणि इंजिन सीझ होऊ शकतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

एक चेतक माझ्याकडे अशीच ‘बोअर-पिस्टनला’ म्हणून आली होती. सायलेन्सर उतरवून पोर्टमध्ये बॅटरी मारली. जिथे दोन बोटं आरामात जायला हवीत तिथे माझी करंगळीही शिरेना. कडेकडेने काळा, दगडासारखा घट्ट थर आणि मधे वेडंवाकडं भोक. तेवढा पोर्ट साफ केला, सायलेन्सर जाळून मोकळा केला, पिस्टनच्या रिंगा जुन्याच ठेवल्या. मालक संध्याकाळी घाट चढून घरी गेला. बोअर कापण्याचं बोलणं परत निघालंच नाही.

आता सायलेन्सर कसा साफ करायचा ते सांगतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या मोटारसायकलीत मागच्या टोकाला एक बोल्ट काढला की आतली आवाज दाबणारी बॅफलची नळी ओढून बाहेर येते. ती वेगळी साफ करता येते, म्हणून त्या गाडीचं काम निम्मं. चेतकचा सायलेन्सर म्हणजे बंद डबा, आत हात जात नाही. त्याला दोनच खरे उपाय, आग किंवा कॉस्टिक सोडा.

माझे उस्ताद सायलेन्सर थेट लोहाराच्या भट्टीवर न्यायचे. आत धरलेला कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच, तो एकदा पेटला की स्वतःच जळत जातो. आधी सायलेन्सर तोंड खाली करून रात्रभर टांगून ठेवायचा, म्हणजे आतलं ओलं तेल निथळतं. दोन्ही तोंडं मोकळी आहेत याची खात्री करायची. तोंड बुजलेला, आत पेट्रोलची वाफ कोंडलेला डबा आगीत टाकणं म्हणजे बॉम्ब पेटवणं आहे, हे मी गमतीने लिहीत नाहीये. मग मोकळ्या जागेत, धूर अंगावर येणार नाही असं वारा पाठीवर घेऊन उभं राहून, निखाऱ्यावर ठेवायचा. आधी पिवळट दाट धूर येतो, तो श्वासात घेऊ नका. धूर थांबून डबा मंद लालसर दिसला की बाहेर काढून आपोआप थंड होऊ द्यायचा. त्यावर पाणी ओतू नका, पत्रा वाकतो. थंड झाल्यावर लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोकला की राखाडी खपल्या ओंजळीने बाहेर पडतात. नंतर उष्णता सोसणारा रंग द्यायचा, नाहीतर एका पावसाळ्यात गंजून भोकं पडतात. क्रोमचा सायलेन्सर मात्र कधीही आगीत घालू नका. क्रोम निळं पडतं आणि ती चमक परत येत नाही.

शहरात आग करता येत नसेल तर कॉस्टिक. चार लिटर थंड पाण्यात साधारण अर्धा किलो. पाण्यात सोडा हळूहळू टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. सायलेन्सरचं एक तोंड लाकडी गुट्टीने बंद करून द्रावण आत भरा, दुसरं तोंड उघडंच ठेवा आणि दिवसभर राहू द्या. मग ओतून भरपूर पाण्याने तीन-चार वेळा धुवा आणि उन्हात वाळवा. हे पाणी झाडाच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नका.

कॉस्टिक फक्त लोखंडाला. ॲल्युमिनियमला ते खातं, अक्षरशः फेस येऊन धातू विरघळतो आणि हायड्रोजन वायू निघतो. चेतकचं हेड ॲल्युमिनियमचं, पिस्टन ॲल्युमिनियमचा. सायलेन्सर छान निघाला म्हणून कुणीतरी त्याच बादलीत हेड आणि पिस्टन टाकतं. सकाळी बादलीत उरतं ते भंगार. द्रावणासाठी ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादलीही नको, प्लॅस्टिकची घ्या. स्वयंपाकघरातल्या ओव्हन साफ करायच्या स्प्रेमध्येही बहुधा कॉस्टिकच असतं, त्यामुळे तो पिस्टनवर मारू नका.

नळीच्या वळणातला कार्बन दोन्ही उपायांनी पूर्ण निघत नाही. तिथे जुनी क्लच केबल कामी येते. आतली तार काढून तिचं एक टोक तीन-चार इंच उसवा, झाडूसारखं पिंजारा, दुसरं टोक ड्रिल मशीनमध्ये पकडा आणि हळू वेगाने फिरवत आत सरकवा. वळण कसंही असलं तरी तार त्याच्याबरोबर वळते.

एवढ्यावर गाडी पळायला लागली तर माझा सल्ला असा की या वेळी हेड खोलू नका. तुमच्या गाडीचा शेवटचा कार्बन कधी काढला ते माहीत नसेल, किंवा किक मऊ लागत असेल, तर मात्र हेड आणि सिलिंडर दोन्ही उतरवा. किक मऊ आहे का हे ठरवायला प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाका आणि चार-पाच किका मारून बघा. जोर एकदम वाढला तर रिंगा एकतर झिजल्यात किंवा कार्बनने खाचेत चिकटल्यात. चिकटलेली रिंग आणि झिजलेली रिंग बाहेरून सारखीच वाटते. गॅरेजमध्ये ‘बोअर गेला’ असं सांगितलं जातं ते पुष्कळदा इथेच फसून.

इंजिन पूर्ण थंड असताना पंख्याचं कव्हर आणि सिलिंडरवरचं पत्र्याचं काउल काढा. हेडचे चार नट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत सोडा. एका बाजूचे आधी पूर्ण काढले तर हेड वाकतं. हेड निघालं की रंग नीट बघा, पुसायची घाई करू नका. कोरडा, करडा-तपकिरी, पातळ थर असेल तर इंजिन निरोगी आहे, फक्त किलोमीटर झालेत. काळा आणि हाताला चिकटणारा ओला थर असेल तर ऑइल जास्त जातंय. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय किंवा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा आहे. हे नीट वाचलं नाही तर आजची मेहनत सहा महिन्यांत परत करायची वेळ येते.

खरवडायला स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत मी घेतला होता. हेडच्या बसायच्या पृष्ठभागावर एकच बारीक ओरखडा पडला, तिथून गॅस फुंकायला लागला आणि ते हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून तासभर घासून सरळ करावं लागलं. बांबूची टोकदार पट्टी, कडक प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमची बोथट पट्टी, यांनी सगळं निघतं, फक्त धीर हवा. आदल्या रात्री हेड आणि पिस्टनचा माथा रॉकेलमध्ये किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून ठेवला तर कार्बन मऊ पडतो. पिस्टनचा माथा आरशासारखा चमकवायचा अट्टहास नको. जाड थर आणि कडेचे टणक गोळे निघाले पाहिजेत, कारण तेच तापून लाल होतात आणि प्लगच्या आधी मिश्रण पेटवतात. चढावर इंजिन कडकड वाजतं ते त्यामुळे. उरलेला बारीक करडा डाग कुणाचं काही बिघडवत नाही.

सिलिंडर वर ओढताना, पिस्टन दिसायला लागला की लगेच खालच्या क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक फिरते त्या कप्प्याच्या, तोंडात स्वच्छ फडका कोंबा. हे आधी करा, मग पुढचं. गजन पिनचं (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक काढताना ते टणकन उडतं आणि पडायचं ठिकाण नेमकं तेच असतं. आत पडलं तर इंजिन फोडावं लागतं. लॉक नेहमी नवीन बसवा.

रिंगा काढताना कोणती वरची, कोणती खालची आणि कोणती बाजू वर होती हे लिहून ठेवा. खाच साफ करायला सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे तुटलेली जुनी रिंग. तिचं टोक कानशीने सरळ घासा आणि खाचेतून फिरवा. कार्बन भुकटी होऊन निघतो आणि खाच मोठी होत नाही. खाचेत एक छोटी पिन दिसेल. रिंगेची टोकं त्या पिनवरच बसली पाहिजेत, कारण टोक फिरत जाऊन पोर्टच्या खिडकीत अडकलं तर रिंग तुटते. साफ केलेली रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट बघा. नवीन रिंगेला ती साधारण पाव मिलिमीटर असते. डोळ्यांना लांबूनच मोठी फट दिसत असेल तर रिंगा बदला. बोअरमध्ये बोटाच्या नखाला लागतील असे उभे ओरखडे असतील, किंवा वरच्या बाजूला पायरी जाणवत असेल, तरच बोअरचा विचार.

एक्झॉस्ट पोर्ट आता आतून-बाहेरून साफ करा. इथे एकच नियम आहे: पोर्टची आतली कड, जिथे रिंग घासून जाते, तिला धातूचं काहीही लागू द्यायचं नाही. तिथे बारीकशी चीर पडली तरी रिंग दर फेऱ्याला तिथे अडखळते. कार्बन काढता काढता पोर्ट ‘थोडा मोठा’ करायचा मोह टाळा. कड वर सरकली की पोर्ट उघडायची वेळ बदलते आणि कमी वेगातली ओढ जाते. सिलिंडर न उतरवता फक्त पोर्ट करायचा असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून पोर्ट झाका, म्हणजे खपल्या आत पडणार नाहीत, आणि लाकडाशिवाय दुसरं काही वापरू नका, कारण समोर पिस्टनचं अंग उघडं असतं.

बसवताना पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. सिलिंडरखालचं पॅकिंग नवीन. बोअरला आणि पिस्टनला टू-टी ऑइलचा हात फिरवा. हेडचे नट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे, लहान दांड्याच्या पान्याने. काउल आणि पंख्याचं कव्हर लावल्याशिवाय इंजिन चालवू नका. चेतकचं इंजिन पत्र्याआड झाकलेलं असतं, त्याला वारा पंख्याचाच. सिलिंडरच्या पंखांमधला चिखल आणि तेलाचा लगदाही याच वेळी ब्रशने काढा. कार्बनइतकीच गरमी तोही वाढवतो.

तुम्हाला सुचवलेला पाण्याचा उपाय चारचाकीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांवरून आलाय. टू-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटरमधून गेलेलं सगळं आधी क्रँककेसमध्ये जातं, मग वर. पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवरचं तेल धुतलं जातं आणि गाडी उभी राहिली की तिथे गंज धरतो. प्लगच्या भोकातून ओतायच्या ‘कार्बन काढणाऱ्या’ द्रवांचंही मला भय वाटतं. सुटलेली टणक खपली रिंग आणि पोर्टच्या कडेमध्ये सापडली तर सिलिंडर ओरखडते. कार्बन हाताने काढावा आणि डोळ्यांसमोर बाहेर टाकावा.

आता हा कार्बन आला कुठून? तुमच्या सायलेन्सरमधून तेल ठिबकतंय, म्हणजे बहुधा ऑइल गरजेपेक्षा जास्त जातंय. चेतकला २ टक्के ऑइल लागतं, लिटरला २० मिली, पाच लिटरला १००. येझदी मोटारसायकलीसारख्या जुन्या इंजिनांना याहून जास्त लागायचं, तिथूनच ‘एक झाकण वरती टाकलं की इंजिन टिकतं’ ही सवय आली असावी. पण जेटमधून जाणारा माल ठरलेला असतो. त्यात ऑइल वाढलं की तितकं पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट गरम चालतं. म्हणजे जपायला म्हणून टाकलेलं झाकण दोन्ही बाजूंनी नडतं. माप पाहून टाका, आणि डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं टू-टी ऑइलच घ्या. फोर-स्ट्रोक गाडीचं फोर-टी ऑइल टू-स्ट्रोकमध्ये जळायला बनवलेलं नसतं, त्याची राख उरते. आरएक्स १०० वाल्यांनी ऑइल पंपाची केबल खुणेवर आहे का ते बघावं. ती जास्त ओढलेली असेल तर टाकी भरताना कितीही काळजी घ्या, कार्बन धरणारच.

माप बरोबर असूनही ओलं काळं येत असेल, गाडी सुरू करताना पांढरा दाट धूर निघत असेल आणि गिअर ऑइलची पातळी महिन्या-दोन महिन्यांत उतरत असेल, तर क्रँकचं क्लचकडचं ऑइल सील गेलंय. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि गिअरबॉक्समधलं तेल सीलमधून आत खेचलं जातं. १९९४ च्या गाडीचं रबर आता कडक झालेलं असणारच. ते काम मोठं, इंजिन उतरवून करायचं. पण ते न करता दर वर्षी कार्बन काढत बसण्यात अर्थ नाही. उलट मॅग्नेटोकडचं, म्हणजे पंख्याच्या बाजूचं, सील गेलं तर हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी गरम होते. तिथे कार्बन दिसणार नाही, प्लग पांढरा दिसेल.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेही ध्यानात ठेवा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर गाडी थोडी पातळ चालते. त्यात सायलेन्सर मोकळा झाला की आणखी पातळ होईल. म्हणून काम झाल्यावर नवीन प्लग, फट ०.६ मिमी, लावून पाच किलोमीटर चालवा, पन्नासच्या जवळ असताना क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला घेऊन थोडी थंड झाल्यावर प्लग काढून बघा. प्लगच्या टोकाचं पोर्सेलिन बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरं असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा टाका आणि पुन्हा बघा.

कार्बन काढल्यावरही इंजिनाला लगेच ताणू नका. रिंगा नवीन टाकल्या असतील तर पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत, आणि अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडत चला. जुन्याच रिंगा असतील तर शंभरेक किलोमीटर पुरेत. मग सकाळी, इंजिन गार असताना, हेडचे चारही नट परत एकदा पान्याने बघा. एखादा पाव फेरा हमखास घेतोच. गाडी फक्त गावातल्या गावात, थंडच चालत असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिला वीस-पंचवीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर न्या. सायलेन्सर एकदा खणखणीत तापला की कालपर्यंतचं ओलं तेल तिथेच जळून जातं, त्याचा थर होत नाही.

बाबांच्या गाडीचा प्लग आणि हेडचा आतून फोटो काढून ठेवा, पुसण्याआधी. पुढच्या वेळी, आठ-दहा हजार किलोमीटरनी, परत खोलाल तेव्हा त्याच्याशेजारी धरून बघता येईल.